ध्रुवाकडील थंडी आणि आपली कणगी

पेरणीपुरतें बीं बाजूस काढल्यावांचून खळ्यावरचा दाणा खाण्यास घ्यावयाचा नाहीं, ही आपल्या वाडवडिलांची रीत होती. निवडक कणसें आढ्यास टांगावयाचीं, कडधान्याचें बीं राखेंत घोळून मडक्यांत भरावयाचें, आणि कितीही ओढग्रस्तीचें वर्ष आलें तरी त्या मडक्यास हात लावावयाचा नाहीं, हा नियम घरांतील वृद्ध स्त्रिया मोठ्या कटाक्षानें पाळीत. आतां हीच रीत साऱ्या जगानें मिळून उचलली आहे. देशोदेशींच्या पिकांचें बीं एकत्र करून तें पृथ्वीच्या उत्तर टोंकाजवळ, स्वालबार्ड नांवाच्या बेटांवरील एका डोंगराच्या पोटांत, गोठलेल्या खडकांत जपून ठेविलें आहे.

या जगाच्या कणगीविषयीं आपल्या शेतकरी वर्गांत दोन मतें ऐकूं येतात. कांहीं म्हणतात, त्या बर्फाच्या मुलखाशीं आपला काय संबंध? दुसरे, जरा वाचलेले, म्हणतात, जुने वाण तिकडे सुरक्षित आहेत. मग आपण ते घरीं राखण्याची यातायात कशाला करावी? माझ्या मतें हीं दोन्हीं मतें चुकीचीं असून दुसरें पहिल्याहून अधिक घातक आहे. तें कां, हें समजावयाचें तर ध्रुवाकडील थंडी कशी उत्पन्न होते, ती कोठें किती आहे व कितपत टिकाऊ आहे, हें आधीं पाहिलें पाहिजे. ज्याच्या घरीं ठेव ठेवावयाची त्याची पत पाहणें, हा साधा व्यवहार आहे.

सकाळचें ऊन मवाळ व दुपारचें कडक लागतें, याचें कारण सकाळीं किरण तिरपे येतात आणि तेवढीच उष्णता अधिक जमिनीवर पसरते. ध्रुवावरील सारा उन्हाळा ही अशी एक लांबलेली सकाळच असते. पृथ्वीचा आंस साडेतेवीस अंशांनीं कललेला असल्यामुळें तेथें सूर्य क्षितिजापासून साडेतेवीस अंशांहून वर कधींच चढत नाहीं; आणि त्याच कलण्यामुळें वर्षांतील सुमारें सहा महिने तो उगवतही नाहीं. उष्णतेची मिळकत बंद, पण आकाशांत निघून जाणाऱ्या उष्णतेचा खर्च चालूच, अशी त्या अर्ध्या वर्षाची स्थिति असते.

परंतु एवढ्यानें सर्व उलगडा होत नाहीं. जून महिन्याच्या २१ तारखेच्या सुमारास उत्तर ध्रुवावर चोवीस तास सूर्य असतो, आणि वातावरणाच्या माथ्यावर दिवसाकाठीं पडणारें तेथील ऊन मोजलें तर तें विषुववृत्तावरील उन्हाहूनही अधिक भरतें. मग तेथील बर्फ सारा वितळून कां जात नाहीं? याचें एक मोठें कारण बर्फाच्या शुभ्रपणांत आहे. ताजें हिम आपल्यावर पडलेल्या उन्हाचे शंभरांपैकीं ऐशीं ते नव्वद भाग परत आकाशांत फेंकून देतें. उघडा समुद्र याच्या उलट शंभरांपैकीं नव्वदांहून अधिक भाग गिळून टाकतो. म्हणजे थंडी बर्फास राखते आणि बर्फ थंडीस राखतो. वाचकांनीं हा हिशोब ध्यानांत ठेवावा; पुढें त्याचें काम पडणार आहे.

दोन्ही ध्रुव एकसारखेच, असा पुष्कळांचा समज असतो. तो खरा नाहीं. उत्तरेस जमिनीनें वेढलेला समुद्र आहे, तर दक्षिणेस समुद्रानें वेढलेली जमीन आहे. नवल असें कीं, उत्तरेचा तो महासागर व दक्षिणेचें अंटार्क्टिका खंड यांचें क्षेत्र जवळजवळ सारखें, सुमारें ५४ लाख चौरस मैल भरतें. उत्तर ध्रुवावर उभ्या राहिलेल्या माणसाच्या पायांखालीं कांहीं फूट जाडीचा तरंगता बर्फ असतो व त्याखालीं सुमारें १४,००० फूट खोल पाणी. दक्षिण ध्रुवाची जागा समुद्रसपाटीपासून सुमारें ९,३०० फूट उंच आहे आणि तेथील बर्फाचीच जाडी ८,९०० फुटांच्या जवळ जाते. आपल्या कळसूबाईचें शिखर ५,४०० फूट आहे, हें लक्षांत घेतलें म्हणजे त्या बर्फाची कल्पना येईल.

या भेदामुळें दोहोंकडील थंडीही निराळी. हिवाळ्याच्या पहाटे विहिरीचें पाणी कोमट लागतें, हा आपणां सर्वांचा अनुभव आहे. पाणी उष्णता सावकाश घेतें व सावकाशच सोडतें. उत्तरेच्या बर्फाखालील समुद्राचें तसेंच आहे. तें खारें पाणी उणें दोन अंश सेंटिग्रेडच्या खालीं सहसा उतरत नाहीं आणि वरच्या हवेस किंचित् ऊब देत राहतें. दक्षिणेस ही ऊब नाहीं. उलट उंची आहे, व उंचीबरोबर थंडी वाढते. २१ जुलै १९८३ रोजीं अंटार्क्टिकांतील व्होस्टॉक येथें, सुमारें ११,४०० फूट उंचीवर, उणें ८९.२ अंश थंडीची नोंद झाली. पृथ्वीवरील ठाण्यांवर याहून अधिक थंडी कोठेंही मोजली गेलेली नाहीं. उत्तर गोलार्धांतील नीचांक उणें ६९.६ अंशांचा, आणि तोही ध्रुवावरचा नव्हे. तो २२ डिसेंबर १९९१ रोजीं ग्रीनलंडच्या बर्फाळ पठारावर नोंदला गेला.

दक्षिणेस एवढा बर्फ आहे म्हणजे तेथें वृष्टिही फार होत असेल, असें कोणासही वाटेल. वस्तुस्थिति उलट आहे. थंड हवेंत वाफ धरण्याची शक्ति नसते. त्यामुळें अंटार्क्टिकाच्या अंतर्भागांत पाण्याच्या हिशेबानें वर्षास दोन इंचही हिम पडत नाहीं. आपले अत्यंत दुष्काळी तालुकेही त्या मानानें सुकाळाचे म्हणावे लागतील. परंतु पडलेला कण वितळत नाहीं, म्हणून लाखों वर्षांची ती तुटपुंजी मिळकत सांचत जाऊन तिचा एवढा डोंगर झाला.

थंड आणि कोरडें, हे ध्रुवाकडील हवेचे दोन गुण झाले. आणि बीं टिकण्यास हेच दोन गुण लागतात. बियाण्यांतील ओलावा एका टक्क्यानें कमी केला कीं त्याचें आयुष्य सुमारें दुप्पट होतें, आणि सांठवणीचें उष्णतामान पांच अंशांनीं उतरविलें तरी तें पुन्हा दुप्पट होतें, असा बीजशास्त्राचा ढोबळ आडाखा आहे. आपल्या आजीनें मडक्यांत राख घातली ती त्यांपैकीं अर्धी गोष्ट साधण्यासाठींच. उरलेली अर्धी, म्हणजे थंडी, तिच्या हातीं नव्हती.

मग ही कणगी दक्षिण ध्रुवाकडे, जेथें थंडी सर्वांत दांडगी, तेथें कां ठेविली नाहीं? अंटार्क्टिकांत कायमची लोकवस्ती नाहीं. आपल्या देशाचीं मैत्री (१९८९) व भारती (२०१२) हीं संशोधनकेंद्रें तेथें आहेत व त्यांची व्यवस्था गोव्यांतील वास्को येथील राष्ट्रीय ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्र पाहतें. पण त्यांस जहाजानें रसद पोहोंचवावयाची ती तिकडील उन्हाळ्याच्या थोड्या महिन्यांतच. बीं ठेवण्याची जागा थंड पाहिजे तशी गांठण्यासारखीही पाहिजे. माळा उंच असावा, पण त्यास शिडी लागली पाहिजे.

स्वालबार्डास ही शिडी आहे. हीं बेटें उत्तर अक्षांश ७४ ते ८१ यांच्या दरम्यान असून त्यांचा निम्म्याहून अधिक भाग बर्फाखालीं आहे. अटलांटिक महासागरांतील ऊबदार प्रवाहाचा एक फांटा त्यांच्या पश्चिम किनाऱ्यापर्यंत पोहोंचतो. त्यामुळें एवढ्या उत्तरेस असूनही तेथील हिवाळा इतर ध्रुवप्रदेशाच्या मानानें सौम्य आहे आणि विमानांची नियमित ये-जा चालते. लाँगयिअरब्येन हें मुख्य गांव ध्रुवापासून सुमारें ८०० मैलांवर. वस्ती सुमारें अडीच हजार. ऑक्टोबरच्या अखेरीपासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत तेथें सूर्य दिसत नाहीं. बेटांवर झाडाचें नांव नाहीं. उन्हाळ्यांतही जमिनीचा वरचा थोडासा थर तेवढा सुटतो व त्याखालीं शेंकडों फूट माती आणि खडक गोठलेलेच असतात. जेथें ज्वारीचें एक ताट उभें राहणार नाहीं, तेथें साऱ्या जगाच्या धान्याचें बीं आहे.

या बेटांवर नॉर्वेचें स्वामित्व १९२० सालीं पॅरिस येथें झालेल्या तहानें मान्य झालें. त्या तहावर हिंदुस्थानच्या वतीनेंही सही झाली होती, व आपला देश आजही त्यांतील एक पक्ष आहे. २००८ पासून तेथील न्यू-ऑलेसुन गांवीं 'हिमाद्रि' नांवाचें आपलें संशोधनकेंद्रही आहे. 'त्या मुलखाशीं आपला काय संबंध' या प्रश्नाचें अर्धें उत्तर येथेंच मिळतें.

उरलेलें अर्धें कणगींतच आहे. उत्तर युरोपांतील देशांनीं १९८४ पासून लाँगयिअरब्येनजवळच्या एका जुन्या कोळशाच्या खाणींत बीं ठेवण्यास प्रारंभ केला होता. पुढें नॉर्वे सरकारनें जवळच्याच डोंगरांत, समुद्रसपाटीपासून सुमारें ४३० फूट उंचीवर, लांब बोगदा खोदून तीन दालनें केलीं, व २६ फेब्रुवारी २००८ रोजीं हें जागतिक बीजभांडार उघडलें. गोठलेल्या खडकाची स्वाभाविक थंडी उणें तीन-चार अंशांची. यंत्रें लावून ती उणें १८ पर्यंत उतरविली आहे. यंत्रें बंद पडलीं तरी खडकाची थंडी पाठीशीं असावी, ही योजना. तेथें ४५ लाख नमुन्यांची सोय असून तेरा लाखांहून अधिक नमुने जमा झाले आहेत. ज्या संस्थेनें पेटी ठेविली तिचीच त्यावर मालकी. दुसऱ्या कोणास ती उघडतां येत नाहीं. हैदराबादेजवळील पाटणचेरूच्या इक्रिसॅट संस्थेनें ज्वारी, बाजरी, हरभरा, तूर, भुईमूग इत्यादि पिकांचे एक लाखाहून अधिक नमुने तेथें ठेविले आहेत. म्हणजे आपल्या भाकरीचा आणि वरणाचा वंशही त्या बर्फांत आहे.

ही कणगी शोभेची नाहीं, हें २०१५ सालीं दिसून आलें. कोरडवाहू मुलखांच्या शेतीसंशोधनाचें इकार्डा नांवाचें आंतरराष्ट्रीय केंद्र सीरिया देशांत अलेप्पो शहराजवळ होतें. गहूं, सातू, मसूर, हरभरा यांचें मोठें बीजधन त्याच्यापाशीं होतें. २०११ पासून त्या देशांत यादवी माजली व तें भांडार हातचें गेलें. सुदैवानें बहुतेक नमुन्यांची दुसरी प्रत स्वालबार्डास ठेविलेली होती. २०१५ सालीं त्यांतील पेट्या परत मागवून लेबनॉन व मोरोक्को येथें पेरणी केली, आणि २०१७ सालीं नव्यानें पिकविलेलें बीं पुन्हा स्वालबार्डास पोहोंचविण्यास प्रारंभ झाला. उसनें नेलें, पेरलें, पिकविलें आणि फेडलें. या व्यवहाराची योग्यता शेतकऱ्याहून अधिक कोणास कळणार?

येथपर्यंतचें वाचून वाचक म्हणतील, मग तक्रार कशाची? माझी तक्रार कणगीविषयीं नाहीं. ती पाहून जे आपलें घरचें मडकें फोडावयास निघाले आहेत, त्यांच्याशीं माझा वाद आहे. त्याचीं कारणें चार.

पहिलें कारण, ठेव जेथें ठेविली त्याची पतच आतां पूर्वीसारखी राहिलेली नाहीं. २०१६ च्या ऑक्टोबरांत, हिम पडावयाच्या दिवसांत, स्वालबार्डावर जोराचा पाऊस झाला. पाणी बीजभांडाराच्या बोगद्यांत शिरलें आणि आंत जाऊन गोठलें. बियाण्यास धक्का लागला नाहीं, हें खरें. नॉर्वेनेंही पुढील वर्षांत बोगद्याचें तोंड पाणी न झिरपेल असें नव्यानें बांधून काढलें. पण जेथें पाणी वाहतें होईल अशी शंकाही पूर्वीं कोणी घेतली नाहीं, तेथें तें वाहिलें. २५ जुलै २०२० रोजीं लाँगयिअरब्येनजवळ २१.७ अंशांची नोंद झाली. ही हवा महाबळेश्वरच्या पावसाळ्याची झाली, ध्रुवाची नव्हे.

वर जो हिशोब ध्यानांत ठेवावयास सांगितला तोच आतां उलटा चालूं लागला आहे. कोळसा व खनिज तेल जाळून हवेंत साठविलेल्या वायूनें पृथ्वी तापली. तापल्यामुळें बर्फ आटला. बर्फ आटला तेथें काळा समुद्र उघडा पडला. त्यानें ऊन गिळलें, म्हणून आणखी बर्फ आटला. उपग्रहांच्या नोंदी १९७९ पासून आहेत. तेव्हांपासून उत्तर ध्रुवप्रदेश साऱ्या पृथ्वीच्या सरासरीच्या जवळजवळ चौपट वेगानें तापला आहे. सप्टेंबर २०१२ मध्यें तेथील समुद्रावरचा बर्फ सुमारें १३ लाख चौरस मैलांवर आला, म्हणजे नोंदींच्या आरंभीच्या वर्षांत त्या महिन्यांत असे त्याच्या निम्म्याच्या आसपास. कणगी उद्यांच बुडेल, असें मी म्हणत नाहीं. यंत्रें आहेत, माणसें दक्ष आहेत. पण निसर्गानें फुकट दिलेली थंडी कमी होत जाईल तसतसा यंत्रांवर भार वाढणार, आणि यंत्रांवरचा भरंवसा म्हणजे अखेर माणसांच्या शहाणपणावरचा भरंवसा होय.

दुसरें कारण, सर्वच पिकें या थंडींत राहूं शकत नाहींत. धान्य, कडधान्य, गळिताचें बीं वाळवून गोठवितां येतें. परंतु आंबा, फणस, नारळ यांचें बीं वाळविलें कीं मरतें. ऊस, केळी, हळद, आलें यांची तर लावणच बेणें, कंद व मुनवे यांनीं होते. या पिकांचे जुने वाण स्वालबार्डाच्या पेटींत सांपडणार नाहींत. ते बागांत जगतील, नाहीं तर कोठेंच जगणार नाहींत.

तिसरें कारण मला सर्वांत महत्त्वाचें वाटतें. बर्फांतील बीं झोंपलेलें असतें. तें मरत नाहीं, तसें कांहीं शिकतही नाहीं. शेतांतील बीं दर वर्षीं नव्या उन्हाशीं, नव्या किडीशीं, लांबलेल्या पावसाशीं झगडतें, आणि त्यांतून जें तगतें त्याचेंच पुढें बीं होतें. गोव्याच्या खाजण जमिनींतील कोरगूट भात खारें पाणी सोसतें, तें कोणा यंत्राच्या कृपेनें नव्हे, पिढ्यान् पिढ्या तें त्याच खारटांत पेरलें गेलें म्हणून. २००८ सालीं पेटींत घातलेला दाणा २०५० सालीं बाहेर निघाला तर त्यास २००८ चेंच हवामान ठाऊक असणार. मधलीं वर्षें त्यास शिकविणार कोण? तें काम शेताचेंच आहे.

चौथें कारण प्रमाणाचें. एका पेटींतील नमुना साधारण पांचशें दाण्यांचा. तेवढ्या ज्वारीनें तिफणीची एक फेरीही पुरी होणार नाहीं. शिवाय ती पेटी संस्थेच्या नांवची. मृगाच्या तोंडावर बीं नाहीं म्हणून कोणी शेतकरी ती मागूं शकत नाहीं. ती पेटी म्हणजे वंश बुडूं नये एवढ्यासाठीं ठेविलेली आहे. तिच्यावर पेरणी अवलंबून नाहीं, व असूंही नये.

तेव्हां करावें काय? माझी सूचना साधी आहे. आपल्या संस्थेच्या प्रत्येक सभासदानें आपल्या जमिनींतील दोन गुंठे जुन्या वाणासाठीं राखावे, आणि शेजाऱ्यानें निवडलेला वाण सोडून दुसरा घ्यावा. कोणी आंबेमोहोर, कोणी घनसाळ, कोणी गांवची जुनी तूर, वाल अथवा घेवडा. बीं खडखडीत वाळवून, हवाबंद डब्यांत, घरांतील सर्वांत थंड कोपऱ्यांत ठेवावें. डब्यावर वाणाचें नांव, गांव व साल लिहावें. आणि दर दोन-तीन वर्षांनीं तें पेरून ताजें करावें. ज्यांच्या परसांत जुन्या जातीचा आंबा, फणस वा केळी आहे त्यांनीं तें खोड तोडण्यापूर्वीं त्याची एक कलम अथवा मुनवा दुसऱ्यास द्यावा. वनस्पतींच्या आनुवंशिक संपत्तीची देखरेख करणाऱ्या केंद्रीय संस्थेची एक शाखा आपल्याकडे अकोला येथें आहे. दुर्मिळ वाण असेल त्यानें तेथें कळवावें. २००१ च्या कायद्यानें शेतकऱ्यास आपल्या शेतांतील बीं राखण्याचा, पेरण्याचा, बदलून देण्याचा आणि छापाच्या नांवावांचून विकण्याचाही हक्क दिला आहे. न वापरलेला हक्क वहिवाटीअभावीं कसा जातो, हें जमीनधारकांस मीं सांगावयास नको.

यावर कोणी म्हणेल, जुन्या वाणांचें उत्पन्न कमी. संसार कसा चालावा? मी सारी जमीन मागत नाहीं. नवे वाण अवश्य पेरावे. पण ते नवे वाण शेवटीं जुन्यांच्याच संकरांतून निघाले आहेत, आणि उद्यां नवा रोग आला तर संशोधकांस जुन्यांकडेच यावें लागेल. दोन गुंठ्यांचा तोटा हा व्याजासारखा समजावा. मुद्दल त्यानें राहतें. आणि हें काम मोठ्या जमिनीवांचून होत नाहीं, असेंही नाहीं. अकोले तालुक्यांतील कोंभाळणें गांवच्या श्रीमती राहीबाई पोपेरे यांनीं गांवठी वाणांचें बीं जमवून, पेरून, वाटून जी कामगिरी केली, तीबद्दल त्यांस २०२० सालचा पद्मश्री किताब मिळाला. त्या शाळेंत गेलेल्या नाहींत. आपण लिहिते-वाचते खातेदार. आपणांस सबब सांगतां येणार नाहीं.

ध्रुवाकडील बर्फ आपण राखूं शकूं कीं नाहीं, हें साऱ्या जगाच्या वर्तनावर अवलंबून आहे. त्यांत आपला वांटा लहान. घरचें मडकें भरलेलें ठेवणें मात्र सर्वस्वीं आपल्या हातीं आहे. येत्या सुगींत खळें आटोपण्यापूर्वीं प्रत्येकानें एक जुना वाण निवडून बाजूस काढावा, आणि मग दाणे घरांत न्यावे.